युनिफॅक्टरचा कायदा : जिम वुडरिंगची चित्रपुस्तकं

अतिवास्तववादी चित्रं म्हटली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली, 'काहीही काढून ठेवलंय' ही. दुसरी, 'काहीतरी गूढ असणार बुवा' असं म्हणत मान डोलावण्याची. जिम वुडरिंग या अमेरिकी चित्रकाराच्या कॉमिक्सपुढे दोन्ही चालत नाहीत. त्याच्या पानांवर माणसाच्या तोंडाचं डुक्कर रांगत येतं, हवेत रंगीत भोवरे तरंगतात, जमीन मध्येच फाटून आतून भलतंच काही डोकावतं. हे सगळं खरं, पण 'काहीही' मात्र तिथे घडत नाही. ज्याने जे केलं त्याची वसुली होते, फक्त वसुलीचा दर आपल्याला कळवलेला नसतो. 1980 पासून आजवरची त्याची पुस्तकं ओळीने लावून वाचली, तर हा माणूस एकाच प्रश्नाला चिकटून बसलेला दिसतो: या जगाला कायदा आहे का, आणि असेल तर त्यातून कुणाची सुटका होते का?

अमेरिकेत 'अंडरग्राउंड कॉमिक्स'ची लाट आली ती 1968 च्या सुमारास. सॅन फ्रान्सिस्कोतून रॉबर्ट क्रम्बचं 'झॅप' निघालं ते त्याच वर्षी. 1954 पासून तिथल्या कॉमिक्सवर 'कॉमिक्स कोड'चा पहारा होता आणि कोडचा शिक्का नसलेला अंक नेहमीचे वितरक हातात धरत नसत. म्हणून ही मंडळी स्वतः छापत, आणि चिलमी, पोस्टरं विकणाऱ्या दुकानांत अंक ठेवत. वुडरिंगचा जन्म 1952 चा, लॉस एंजेलिसचा. तो या लाटेच्या पाठोपाठ आला. स्वतःचा अंक स्वतः काढायचा, कुणाला विचारायचं नाही, ही वाट त्याने त्यांच्याकडून घेतली. मालमसाला मात्र घेतला नाही. क्रम्बच्या पिढीच्या भात्यात लैंगिकता, नशा आणि सरकारवरचा राग होता. वुडरिंगकडे होतं त्याचं बालपण, आणि ते पुरेसं भयंकर होतं.

लहानपणी त्याला रात्री अंथरुणाच्या पायथ्याशी चेहरे दिसत. हवेत तरंगणारे, गरगर फिरणारे, त्याच्यावर तोंड टाकणारे चेहरे. कधी नुसता एक रोखून बघणारा मोठा डोळा. हे त्याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे आणि त्यात कुठे कौतुक करून घेण्याचा सूर नाही. 1968 मध्ये लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात दादावादी आणि अतिवास्तववादी चित्रकारांचं मोठं प्रदर्शन आलं. वुडरिंग तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आपल्याला जे दिसतं त्याला कलेत जागा आहे, हे त्याला तिथे कळलं. पुढे कॉलेजात कलेच्या इतिहासाच्या तासाला, स्लाइड दाखवायच्या पडद्यावर त्याला एक कार्टूनमधला बेडूक दिसू लागला, आणि त्याने वर्गातून जो पळ काढला तो कॉलेजच सोडलं. नंतर दीड-एक वर्ष त्याने कचरा उचलणाऱ्या गाडीवर काम केलं. बेडूक मात्र त्याच्या चित्रांत कायमचे राहायला आले.

1980 मध्ये त्याने 'जिम' नावाचं एक चोपडं स्वतः छापून काढलं. त्याला तो आत्मचरित्रही म्हणत नव्हता आणि रोजनिशीही. दोहोंच्या मधला एक शब्द त्याने घडवला होता. पोटापाण्यासाठी तेव्हा तो रूबी-स्पिअर्स या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत होता. शनिवारी सकाळी मुलांसमोर टीव्हीवर ओतल्या जाणाऱ्या मालिकांचं ते कारखानदारी काम, आणि त्या मालिकांविषयी त्याने कधी चांगला शब्द काढलेला नाही. पण त्याच स्टुडिओत जॅक कर्बी आणि गिल केन हे दोन बुजुर्ग कॉमिक्सकार नोकरी करत होते. केनने त्याची गाठ 'फँटाग्राफिक्स'च्या गॅरी ग्रॉथशी घालून दिली आणि 1987 पासून 'जिम' नियतकालिकाच्या रूपात निघू लागलं. फँटाग्राफिक्स ही सुपरहिरोंच्या वाटेला न जाणारी प्रकाशनसंस्था. पुढे ती सिअ‍ॅटलला गेली, आणि वुडरिंगचं नावही त्याच शहराशी जोडलं गेलं.

'जिम'चे अंक आज 2014 च्या संकलनात एकत्र मिळतात. अंगावर येणारा ऐवज आहे. स्वप्नं जशी पडली तशी काढलेली, मध्येच गद्याची पानं, मध्येच छद्म जाहिराती, मध्येच दारुडा, बेडूकतोंड्या, स्पॅनिश बरळणारा पुल्के. या सगळ्याच्या मधोमध स्वतः जिम: दाढीवाला, जाडसर, सतत अपमानित होणारा आणि बहुतेक वेळा त्या अपमानाला लायक असलेला. स्वप्नांची कॉमिक्स अनेकांनी काढली आहेत आणि बहुतेक कंटाळवाणी आहेत. दुसऱ्याचं स्वप्न ऐकताना आपण जांभई दाबतो ती उगाच नाही: स्वप्नात कुणालाच काही किंमत मोजावी लागत नाही. वुडरिंगचा जिम मात्र स्वप्नातही किंमत मोजतो. तो भ्याडपणे वागतो, खोटं बोलतो, एखाद्या प्राण्याला इजा करतो, आणि जाग येईपर्यंत ती गोष्ट त्याला सोडत नाही. पुढच्या सगळ्या पुस्तकांत जो कायदा चालणार आहे त्याचा पहिला मसुदा इथे आहे. फक्त इथे शब्द फार आहेत. जिम स्वतःला समजावतो, माफी मागतो, विनोद करतो. शब्द असले की पळवाट असते.

1990 च्या सुमारास त्याने ती पळवाट बंद केली. 'फ्रँक' जन्माला आला.

फ्रँक हा कोणता प्राणी, हे विचारू नये. मांजर नाही, उंदीर नाही, अस्वल नाही. चिचुंद्रीसारखी दाट आखूड लव, पुढे आलेले दात, हातात मोजे, वय अकराच्या आसपासचं. 1930 च्या दशकातल्या अमेरिकी कार्टूनपटांतून तो चालत आल्यासारखा दिसतो आणि ते खरंही आहे. फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओचा 1931 चा 'बिंबोज् इनिशिएशन' हा छोटा कार्टूनपट वुडरिंगने नेहमी आपल्या मुळांपैकी एक म्हणून सांगितला आहे. फ्रँक राहतो त्या मुलखाचं नाव युनिफॅक्टर. घुमटांची घरं, वाकड्या झाडांची बनं, तळी, खड्डे, विहिरी, आणि आकाशात ते भोवरे. ही नावं चित्रांत कुठेही येत नाहीत. मलपृष्ठावरून, मुलाखतींतून ती कळतात, कारण फ्रँकच्या कथांत एक अक्षरही नाही. ना संवाद, ना निवेदन, ना 'धडाम्'.

मुलखातली मंडळी मोजकी. पपशॉ आणि पुशपॉ ही फ्रँकची पाळीव जोडी, इमानी आणि प्रसंगी भयंकर. चंद्रकोरीच्या डोक्याचा, कायम दात काढून हसणारा व्हिम. त्याच्याइतका निवांत दुष्टपणा कॉमिक्समध्ये मी दुसरीकडे पाहिलेला नाही. फ्रँकसारखाच दिसणारा एक खोटा बाप आणि एक खरा बाप. आणि मॅनहॉग. हे अर्धं माणूस, अर्धं डुक्कर, नागडं, बहुधा रांगणारं, हावरट, भित्रं आणि दिसेल तिथे मार खाणारं पात्र म्हणजे वुडरिंगची सर्वांत मोठी निर्मिती, असं माझं मत आहे. फ्रँक निरागस आहे, पण सज्जन नाही. तो कुतूहलापोटी क्रूर होतो, संध्याकाळी घरी येऊन झोपतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरतो. मॅनहॉगला विसरता येत नाही. वाचक पहिल्या दोन-चार कथांत फ्रँकच्या बाजूने असतो, आणि मग कधीतरी लक्षात येतं की आपण एका लबाड पोरट्याला पाठीशी घालत आलो आहोत.

या छोट्या कथा 1990 च्या दशकात सुट्या अंकांतून येत राहिल्या. मार्क मार्टिनबरोबर काढलेल्या 'टँटलायझिंग स्टोरीज'मध्ये, रंगीत 'फ्रँक इन द रिव्हर'मध्ये, आणि नंतर 'फ्रँक' या स्वतंत्र अंकमालिकेत. 2003 मध्ये हे सगळं 'द फ्रँक बुक' या जाडजूड संकलनात आलं. त्याला प्रस्तावना आहे 'गॉडफादर'चा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला याची. कथांची रीत बहुधा एकच असते. फ्रँकला काहीतरी दिसतं, त्याला ते हवंसं वाटतं, तो ते मिळवतो, आणि मिळालेली वस्तू त्याच्यावर उलटते. मोहाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथे बोध सांगणारं कुणी नसतं आणि फ्रँक कधी शहाणा होत नाही, एवढाच फरक. तो फरक मोठा आहे, कारण पंचतंत्रातला मूर्खसुद्धा निदान गोष्टीच्या शेवटी मूर्ख ठरतो.

आता रेषेविषयी, कारण हा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. वुडरिंग टाकाने काढतो, शाईत बुडवून. छटा दाखवायला कॉमिक्सवाले साधारणपणे आडव्या-उभ्या रेघांची जाळी टाकतात. वुडरिंग तसं करत नाही. तो जवळजवळ समांतर, थरथरत्या, नागमोडी रेषा ओढतो. प्रत्येक रेषा सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेली, टोकाला पुन्हा बारीक. रात्रीचं आकाश, घराची सावलीतली भिंत, विहिरीचा आतला भाग, सगळं याच रेषांनी भरलेलं. एखादी चौकट डोळ्यांजवळ धरून पाहिली तर शेकडो रेषा एकमेकींना न शिवता शेजारून गेलेल्या दिसतात. त्यामुळे भक्कम वस्तूही श्वास घेत असल्यासारख्या वाटतात, आणि गडद रात्रसुद्धा कधी पुरती काळी होत नाही. यंत्राने हे जमणार नाही असं मी म्हणत नाही, पण हाताने दर पानावर जमवणं म्हणजे साधना आहे. टाकावरचं हे प्रेम इतकं, की त्याने सुमारे सात फूट लांबीचा, खरोखर शाईने चालणारा प्रचंड टाक तयार करवला, त्याचं नाव ठेवलं 'निबस मॅक्सिमस' आणि जानेवारी 2011 मध्ये सिअ‍ॅटलमध्ये लोकांसमोर त्याने चित्रं काढून दाखवली. वेडेपणा खरा, पण रेषेला अंगभर ताकद लागते हे त्याने शब्दशः सिद्ध केलं.

शब्दांविना चित्र आपल्याला नवं नाही. शि. द. फडणीसांनी मराठी वाचकाला मुखपृष्ठावरचा विनोद एकाही ओळीशिवाय पोहोचवला, तोही क्षणात. वुडरिंगच्या पानांत हा क्षण येतच नाही. प्रत्येक चौकट सुटी पाहिली तर लख्ख कळते: कोण कुठे उभा आहे, हातात काय आहे, चेहऱ्यावर भीती आहे की हाव. अडतं ते दोन चौकटींच्या मध्ये. हे त्याने का केलं? ती वस्तू कशाची होती? माझा सल्ला असा की पहिल्या वाचनात थांबू नये, अर्थ लावू नये, घटना कशी घडते तेवढंच पाहावं. दुसऱ्या वाचनात हिशोब दिसू लागतो.

भारतीय वाचकाला इथे एक ओळखीची खूण सापडते. आकाशात तरंगणारे ते रंगीत, दोन्ही टोकांना निमुळते भोवरे आहेत ना, त्यांना वुडरिंग 'जीवा' म्हणतो. वेदान्ताची आणि रामकृष्ण परमहंसांची ओढ त्याने मुलाखतींत लपवलेली नाही. त्यामुळे युनिफॅक्टर म्हणजे माया, मॅनहॉग म्हणजे बद्ध जीव, असा तक्ता मांडण्याचा मोह आपल्याला चटकन होईल, इतरांपेक्षा जास्तच होईल. तो आवरावा. तक्ता चुकीचा असेलच असं नाही, पण तो हातात घेऊन पानं उलटली की भीती निघून जाते, आणि भीती निघून गेली की या पुस्तकांतलं निम्मं गेलं. वेदान्त त्याला उत्तर पुरवत नाही. जगाला कायदा आहे या भावनेला बळ देतो, इतकंच मला दिसतं.

2010 चं 'वेदरक्राफ्ट' हे त्याचं पहिलं सलग, पुस्तकभर चालणारं काम आणि माझ्या मते शिखर. नायक आहे मॅनहॉग. सुरुवातीची पानं वाचवत नाहीत इतका त्याचा छळ होतो आणि त्यात फ्रँकचाही हात असतो. मग बेटी आणि वेरॉनिका नावाच्या दोन म्हाताऱ्या चेटकिणी (आर्चीच्या कॉमिक्समधल्या दोन सुंदर मैत्रिणींची नावं त्यांना देणं हा खास वुडरिंगचा खवचटपणा) त्याच्या वाटेत येतात. छळ, औषध आणि शिकवण यांत फरक करता येऊ नये असं काहीतरी त्या त्याच्यावर करतात. हळूहळू तो दोन पायांवर उभा राहतो. त्याची नजर बदलते. आपण ज्या मुलखात लोळत होतो त्याच्या मागे काय आहे ते त्याला दिसू लागतं, आणि वाचकालाही दिसतं, कारण इथे रेषाच बदलते. चौकटींत पूर्वी नसलेले आकार उमटतात. पण तोवर व्हिमने दुसरीकडे विध्वंस मांडलेला आहे, आणि शांत बसून आपलं शहाणपण उपभोगायचं की त्यात उतरायचं, हा पेच त्याच्यापुढे येतो. तो उतरतो. मिळालेलं त्याच्यापाशी राहत नाही. शंभरेक पानांत, एकही शब्द न उच्चारता, एका ओंगळ प्राण्याविषयी इतकी माया वाटायला लावणारं दुसरं पुस्तक मला ठाऊक नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीचं 'काँग्रेस ऑफ द अ‍ॅनिमल्स' मात्र मला निराश करून गेलं. कल्पना धाडसी आहे. फ्रँकचं घर उद्ध्वस्त होतं, त्याला कारखान्यात राबावं लागतं आणि अखेर तो समुद्र ओलांडून चक्क युनिफॅक्टरच्या बाहेर पडतो. इतकी वर्षं ज्या मुलखात काहीच बदलू शकत नव्हतं त्यातून सुटका! पण बाहेरच्या जगाला कायदा नाही. बिनचेहऱ्याचे, पोटाची पूजा करणारे लोक भेटतात, विचित्र प्रसंग एकापुढे एक येतात, आणि प्रथमच वुडरिंगच्या पुस्तकात ते 'काहीही' डोकावतं. शेवटी त्याला फ्रॅन भेटते, त्याच्यासारखीच दिसणारी पण त्याच्याहून शांत. तिला घेऊन तो परततो.

'फ्रॅन' (2013) या पुस्तकाने ती पडझड सावरली. फ्रँकच्या हाती एक यंत्र लागतं. डोक्याला लावलं की मनातल्या आठवणी चित्रपटासारख्या दिसतात. तो स्वतःच्या आठवणी खुशाल दाखवतो, आणि मग तिच्या पाहायच्या म्हणून हट्ट धरतो. ती नाही म्हणते. तो ऐकत नाही. ती निघून जाते. एवढ्याशा प्रसंगात फ्रँकचं सगळं वय, सगळी हाव आणि आपल्या माणसावर मालकी गाजवण्याची खोड उघडी पडते. नंतरचा सगळा प्रवास तिच्या शोधाचा, आणि पुस्तक अशा वळणावर संपतं की ते 'काँग्रेस'च्या नंतरचं की आधीचं हा प्रश्न पडावा. कायद्यातून पळालेला फ्रँक चक्रात अडकून पुन्हा कायद्यातच सापडतो.

2018 चं 'पूचीटाउन' त्याच धाग्याला तिसरा फाटा फोडतं. पपशॉ आणि पुशपॉ मौजेच्या मुलखात निघून जातात, आणि एकाकी पडलेला फ्रँक चक्क मॅनहॉगशी मैत्री करतो. ही मैत्री टिकेल अशी आशा मी केली होती, हे सांगायला हरकत नाही. 2022 मध्ये वुडरिंगने ही तीन पुस्तकं मोडून, त्यांत शंभर नवी पानं घालून 'वन ब्यूटिफुल स्प्रिंग डे' हे सुमारे चारशे पानांचं सलग पुस्तक केलं. आपलंच छापून झालेलं काम पुन्हा फोडायला सत्तरीतल्या माणसाला हिंमत लागते. नव्या पानांनी 'काँग्रेस'ची भरकट बरीच आवरली आहे, तरी मधला भाग जड आहेच.

बाकी कामाची नोंद थोडक्यात. 'सीइंग थिंग्ज' (2005) हे चारकोल चित्रांचं पुस्तक, त्यात बेडूक पुन्हा ठाण मांडून बसले आहेत. 'प्रॉब्लेमॅटिक' (2012) हे चित्रवहीचं संकलन अभ्यासकांसाठी. जपानच्या 'प्रेसपॉप'ने छापलेली 'द ल्यूट स्ट्रिंग'सारखी छोटी पुस्तकं देखणी. 'ट्रॉस्पर' या हत्तीच्या रंगीत कथेला गिटारवादक बिल फ्रिझेलने संगीत दिलं आणि पुस्तकासोबत त्याची सीडी आली. पोटासाठी त्याने 'एलियन्स'ची एक मालिका लिहिली आणि 'स्टार वॉर्स'मधल्या जब्बा द हटच्या काही कथासुद्धा. त्या वाचल्या नाहीत तरी चालेल, पण मॅनहॉगच्या जनकाला जब्बा आवडावा यात नवल नाही.

आक्षेप दोन. स्त्रीपात्रं फार उशिरा आली, आणि फ्रॅन सोडली तर ती चेटकिणींच्या पलीकडे जात नाहीत. दुसरा क्रूरतेचा. मॅनहॉगच्या वाट्याला आलेल्या यातनांत काही ठिकाणी हिशोबापेक्षा हौस जास्त वाटते, विशेषतः नव्वदीतल्या छोट्या कथांत. 'वेदरक्राफ्ट'नंतर हा आक्षेप बराच बोथट होतो, पुसला जात नाही.

'जिम' सोडलं तर भाषांतराची वाट पाहायची गरज नसलेला हा परदेशी लेखक आहे, तेव्हा मराठी वाचकाने सबब सांगू नये. 'वन ब्यूटिफुल स्प्रिंग डे'पासून मात्र सुरू करू नका, दमाल. आधी 'द पोर्टेबल फ्रँक' (2008) हे निवडक छोट्या कथांचं पुस्तक घ्या, मग थेट 'वेदरक्राफ्ट', मग 'फ्रॅन'. 'जिम' सर्वांत शेवटी. आणि घरात लहान मुलं असतील तर चित्रं गोंडस आहेत म्हणून पुस्तक त्यांच्या हाती देण्याआधी स्वतः शेवटच्या पानापर्यंत पाहून घ्या.